प्रस्तावना: करंट किती, हे आपण ठरवायचं

जुना पिवळा बल्ब स्वतःची काळजी स्वतःच घेत असे. त्यातली टंगस्टनची तार थंड असते तेव्हा तिचा रोध अगदी कमी असतो. तापून झळाळू लागली की तोच रोध दहा-पंधरा पटींनी वाढतो आणि करंट आपोआप आवाक्यात राहतो. बल्ब होल्डरमध्ये बसवला, बटण दाबलं, झालं काम. एलईडीचा स्वभाव याच्या नेमका उलटा. ठरावीक व्होल्टेज मिळेपर्यंत तो जवळपास काहीच करंट घेत नाही, आणि ती पातळी ओलांडली की व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट कितीतरी वाढतो. शिवाय तो तापला की ही पातळी आणखी खाली येते, म्हणजे त्याच व्होल्टेजवर तो जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. वेळीच आवर घातला नाही तर जळून जातो. त्यामुळे एलईडी हातात घेणाऱ्या प्रत्येकाला, मग ती सातवीतली मुलगी असो की मंडळाचं डेकोरेशन करणारा कार्यकर्ता, एक निर्णय स्वतः घ्यावा लागतो: याला करंट किती द्यायचा?

हे पुस्तक त्या एका प्रश्नावर उभं आहे. मखरातली रोषणाई, आकाशकंदील, अंधार पडला की आपोआप लागणारा अंगणातला दिवा, बंद पडलेल्या बल्बची दुरुस्ती, असे बरेच प्रयोग पुढे येतील. पण प्रत्येक प्रयोगात शेवटी करंटचाच हिशेब आहे. तो हिशेब एकदा हाताला बसला की इलेक्ट्रॉनिक्समधला निम्मा रस्ता पार झाला असं मी मानतो. आणि तो हिशेब शिकवणारा एलईडीइतका चांगला आणि इतका स्वस्त शिक्षक दुसरा नाही. रुपया-दोन रुपयांना मिळतो, चुकलात तर लगेच सांगतो, बरोबर असलात तर उजेड देतो.

पहिलं सर्किट इथेच पाहून घेऊ. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि पाच मिलिमीटरचा लाल एलईडी घ्या. लाल एलईडी पेटलेला असताना त्याच्या दोन पायांमध्ये साधारण २ व्होल्ट असतात. उरलेले ७ व्होल्ट कुठेतरी खर्ची पडायला हवेत. ते काम रेझिस्टरचं. करंट १५ मिलिअँपियर ठेवायचा असं ठरवलं, तर ७ भागिले ०.०१५ म्हणजे ४६७ ओहम. दुकानात ४६७ चा रेझिस्टर मिळत नाही, ४७० चा मिळतो: पिवळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी पट्टा. एलईडीचा लांब पाय प्लसकडे, आखूड पाय मायनसकडे. पाय कापलेले असतील तर गोल कडेवर जिथे थोडा सपाट भाग आहे ती बाजू मायनसची. रेझिस्टर यांच्या साखळीत बसवायचा. जोडलं की दिवा लागतो.

इथे थांबू नये, कारण खरी गंमत यापुढे आहे. मल्टीमीटर व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. आलेला आकडा ४७० ने भागा. उत्तर म्हणजे या क्षणी वाहणारा खरा करंट. मग रेझिस्टर काढून एलईडीच्या दुसऱ्या बाजूला, मायनसकडच्या वायरीत जोडा. बहुतेक मुलांना वाटतं की रेझिस्टर एलईडीच्या ‘आधी’ असला तरच तो वाचेल, नंतर असेल तर करंट आधीच एलईडीत घुसलेला असेल. पुन्हा मोजा. आकडा तोच येतो. एका साखळीत करंट सगळीकडे सारखाच असतो, हे वाक्य पुस्तकात कितीही वेळा वाचलं तरी पटत नाही. असं मोजून पाहिलं की मग कायमचं पटतं. शाळेत आपण विभवांतर, विद्युतधारा आणि रोध यांची सूत्रं पाठ करतो, त्यांवर गुणही मिळवतो, आणि तरीही बारावी झालेल्या कितीतरी मुलांना बॅटरीवर एक दिवा नीट लावता येत नाही. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्या हातात मीटर कुणी दिलेलाच नसतो.

आता प्रत्येक रंगाचं व्होल्टेज वेगळं का, हा प्रश्न. लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास पेटतो, निळ्याला आणि पांढऱ्याला ३ च्या वर लागतात. कारण प्रकाशाच्या रंगातच आहे. निळ्या प्रकाशाच्या प्रत्येक कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा लाल प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा जास्त असते, आणि ती ऊर्जा इलेक्ट्रॉनला व्होल्टेजकडूनच मिळते. अशी मोठी उडी इलेक्ट्रॉनला ज्यात घेता येईल असा स्फटिक बनवणं अवघड, आणि एलईडीचा सगळा इतिहास त्या अडचणीचा इतिहास आहे.

१९०७ साली मार्कोनी यांच्याकडे काम करणाऱ्या हेन्री राउंड यांना कार्बोरंडमच्या खड्यावर धातूचं टोक टेकवून वीज सोडताना पिवळसर उजेड दिसला. त्यांनी त्यावर एक छोटी नोंद छापली आणि ते आपल्या रेडिओच्या कामाला लागले. पुढे १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव या तरुणाने तोच उजेड पुन्हा पाहिला, आणि तो मात्र त्याच्या मागे लागला. किती करंटला किती उजेड, खडा तापल्यामुळे हा उजेड येतो की दुसऱ्याच कारणाने, हे त्याने मोजून मोजून तपासलं आणि निबंध लिहिले. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. एलईडीबद्दल लिहिताना लोसेवचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मोठी पदवी नसलेल्या, हाताने काम करणाऱ्या माणसाला केवळ नीट पाहून आणि मोजून काय साधता येतं याचं ते उदाहरण आहे.

वापरता येईल असा लाल एलईडी १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोनियाक यांनी बनवला. पुढच्या दशकात पिवळा आला, हिरवा होताच. रेडिओवर, टेपरेकॉर्डरवर, व्होल्टेज स्टॅबिलायझरवर हे लहान ठिपके दिसू लागले. पण निळा तेजस्वी होईना, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवण्याची वाट इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी नागोया विद्यापीठात शोधली. शुजी नाकामुरा यांनी निचिया या कंपनीत, मोठ्या शहरांपासून दूर शिकोकू बेटावर, १९९३ साली झगझगीत निळा एलईडी जगापुढे ठेवला. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर दिला की निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. घरातला पांढरा एलईडी आजही मुख्यतः असाच बनतो. न लागलेल्या एलईडीवर दिसणारा पिवळा ठिपका हाच तो फॉस्फर. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

भारतात हा दिवा घरोघरी पोचला तो सरकारच्या ‘उजाला’ योजनेमुळे. ५ जानेवारी २०१५ ला ती सुरू झाली, आणि तिच्याद्वारे ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. मोठ्या खरेदीमुळे भाव कोसळले आणि पिवळा बल्ब बघता बघता दिसेनासा झाला. वीज वाचली, हे निर्विवाद चांगलं झालं. पण दिवा बदलताना त्याच्या आत काय बदललं हे कुणी सांगितलं नाही. काचेच्या गोळ्यातली एक तार जाऊन तिथे पंधरा-वीस भागांचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, आणि आपण ते तारेच्या बल्बसारखंच वापरत राहिलो, बिघडलं की तसंच फेकत राहिलो.

तो बल्ब उघडून पाहण्याआधी मखराकडे वळतो, कारण महाराष्ट्रात या छंदाची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत भाद्रपदातच होते. आज मखरात सर्रास १२ व्होल्टची एलईडी स्ट्रिप लागते. पाच मीटरचा रोल, मागे चिकटपट्टी, कात्रीने कापता येतो. पण कुठेही कापता येत नाही, खुणेवरच कापावा लागतो. का? स्ट्रिप नीट पाहा: दर तीन एलईडीमागे एक बारीक काळा रेझिस्टर आहे. तीन पांढरे एलईडी एका साखळीत, त्यांचे मिळून साधारण ९ ते साडेनऊ व्होल्ट, उरलेले अडीच-तीन व्होल्ट रेझिस्टरवर. म्हणजे आपलं मघाचंच सर्किट, तीनदा एलईडी घालून, आणि असे शेकडो गट शेजारी शेजारी. गटाच्या मधोमध कापलं तर साखळी तुटते आणि तो गट लागत नाही.

अडॅप्टर निवडताना पुन्हा तोच हिशेब. मीटरला साठ लहान एलईडी असलेली साधी स्ट्रिप मीटरमागे सुमारे ४.८ वॅट घेते. पाच मीटरला २४ वॅट, १२ व्होल्टवर २ अँपियर. अडॅप्टर ३ अँपियरचा घ्यावा. मोठ्या चौकोनी एलईडीची, जिला दुकानदार ५०५० म्हणतात, ती स्ट्रिप मीटरला १४.४ वॅटपर्यंत जाते. पाच मीटरला ६ अँपियर. तिला ३ अँपियरचा अडॅप्टर लावला तर तो तापेल, वास येईल, आरतीच्या वेळी बंद पडेल. उलट १० अँपियरचा अडॅप्टर लावला म्हणून स्ट्रिप जळत नाही. स्ट्रिपमधले रेझिस्टर तिला हवा तेवढाच करंट घेऊ देतात. ‘जास्त अँपियरचा लावला तर उडेल का?’ हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर रोज विचारला जातो. व्होल्ट नेमके जुळायला हवेत, अँपियर पुरून उरायला हवेत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

रंगीत स्ट्रिपवर पांढरा रंग लावून लांबच्या टोकाकडे पाहिलं तर तो लालसर दिसतो. पुष्कळ जण स्ट्रिप खराब म्हणून परत करतात. खरं कारण स्ट्रिपमधल्या पातळ तांब्यात आहे. पाच मीटर जाईपर्यंत व्होल्टेज घसरतं. तीन निळ्यांना मिळून साडेनऊच्या पुढे व्होल्ट लागतात, म्हणून ते आधी मंदावतात, तर तीन लाल सहा व्होल्टवरही खूश असतात. उपाय साधा: जाड वायर टाकून स्ट्रिपला दोन्ही टोकांकडून वीज द्या.

आणि मखरासाठी १२ व्होल्टच का, याचं उत्तर हवामानात आहे. गणपती पावसात येतात. ओली फरशी, ओली फुलं, पाण्याचा तांब्या, गर्दीत मखराला टेकणारी मुलं. बाजारातली स्वस्त माळ थेट २३० व्होल्टवर चालते आणि तिची वायर केसासारखी बारीक असते. तीतले एलईडी साखळीत असतात, म्हणून चार खराब एलईडी कापून वायरी जोडल्या की उरलेल्यांवरचा भार वाढतो आणि मग तेही एकेक करून जातात. माळ कापून जोडू नका. जुनी झाली, वायरीचं आवरण तडकलं, की ती काढून टाका. घरात ३० मिलिअँपियरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी नसेल, तर दिव्यांवर खर्च करण्याआधी तो बसवून घ्या. पुस्तकातले लहान मुलांनी करायचे सगळे प्रयोग १२ व्होल्टच्या आतले आहेत, आणि जिथे २३० शी संबंध येतो ती प्रकरणं मोठ्यांसाठी म्हणून वेगळी ठेवली आहेत.

साहित्य मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं, या ठिकाणी एका फेरीत सगळं होतं. लहान गावातल्यांनी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चौकशी करावी. जुने मेकॅनिक पुष्कळ देतात आणि त्याहून पुष्कळ सांगतात. कपॅसिटरला ते कंडेन्सर म्हणतील, रेझिस्टरला रेझिस्टन्स. मल्टीमीटर मात्र स्वतःचा हवा, अगदी साधा असला तरी चालेल. दोनच गोष्टींवर पैसे खर्च करायचे असतील तर मीटरवर आणि चांगल्या सोल्डरिंग आयर्नवर करा.

सोल्डरिंगबद्दल दोन शब्द, कारण ते वाचून येत नाही आणि तरी लिहावं लागतं. २५ वॅटचं आयर्न नाजूक कामाला पुरतं. कथील आणि शिसं यांची ६३-३७ अशी मिश्र तार १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, म्हणून शिकणाऱ्यासाठी ती सर्वांत चांगली. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसायचं, त्यावर किंचित सोल्डर घेऊन चमकवायचं. मग टोक एकाच वेळी पीसीबीवरच्या तांब्याला आणि भागाच्या पायाला टेकवायचं. क्षणभर थांबायचं. आता सोल्डरची तार टोकाला नाही, तापलेल्या जोडाला लावायची. जोड पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपणहून पसरतं, पायाभोवती चढतं आणि डोंगराच्या उतारासारखी चकचकीत कड तयार होते. आधी तार काढायची, मग आयर्न, आणि जोड थंड होईपर्यंत हात हलवायचा नाही. सोल्डर गोळा होऊन बसलं, रंग मळकट आला, की समजावं हा ड्राय सोल्डर आहे: आज चालेल, उद्या धक्का लागला की बंद पडेल, आणि दोष शोधताना जीव मेटाकुटीला येईल. धूर येतो तो तारेतल्या राळेचा असतो, खिडकी उघडी ठेवा. हाताला शिसं लागतं, म्हणून काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

यानंतर पुस्तकात ५५५ येतो. हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली ही आठ पायांची आयसी पन्नास वर्षांनंतरही दुकानात काही रुपयांना मिळते, आणि मला तिचं फार कौतुक आहे. एक किलोओहम, ४७ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की ती सेकंदाला साधारण दीड वेळा उघडमीट करते. तिच्यापुढे ४०१७ ही मोजणारी आयसी जोडली की दहा दिवे एकामागून एक धावतात. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर त्या बारीक इशाऱ्यावर थोडा मोठा करंट चालू-बंद करतो. तो १०० मिलिअँपियरपर्यंतच, म्हणून अख्ख्या स्ट्रिपसाठी मॉस्फेट नावाचा दमदार ट्रान्झिस्टर. पुन्हा प्रश्न तोच: कुठल्या भागातून किती करंट जाऊ द्यायचा.

याच कारणासाठी मी आर्डुइनो उशिरा आणला आहे. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी, संगणकाचं शिक्षण नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला हा बोर्ड मोठीच सोय आहे, आणि एकेका एलईडीला वेगळा रंग देता येईल अशा डब्ल्यूएस २८१२ स्ट्रिपवर त्याने जी रोषणाई करता येते ती आधी स्वप्नातही नव्हती. पण त्यावरच सुरुवात केलेल्या मुलांना दिवा संगणकावरच्या ओळींनी लागतो असं वाटू लागतं. मग ते बोर्डाच्या पायाला रेझिस्टरशिवाय एलईडी लावतात, त्या पायाची २० मिलिअँपियरची मर्यादा ओलांडतात, आणि बोर्ड गेला की प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. डब्ल्यूएस २८१२ चा एक एलईडी पूर्ण पांढरा लागला तर ६० मिलिअँपियरपर्यंत घेतो. साठ एलईडींच्या एका मीटरला ५ व्होल्टवर ३.६ अँपियर. हे बोर्डातून कधीच मिळणार नाहीत. आधी कागदावर करंट मांडा, मग प्रोग्रॅम लिहा.

सगळ्या प्रयोगांत माझा सर्वांत आवडता कोणता, तर संपलेल्या सेलवर पांढरा एलईडी पेटवण्याचा. इंग्रजीत त्याला ‘जूल थीफ’ असं नाव पडलं आहे. भिंतीवरच्या घड्याळातून किंवा रिमोटमधून काढलेला सेल, ज्यात आता एक व्होल्टसुद्धा धड उरलेला नाही, आणि पांढऱ्या एलईडीला तर तीन हवेत. एक फेराइटची रिंग घ्या. जळलेल्या सीएफएलच्या सर्किटमध्ये ती सापडते. तिच्यावर दोन रंगांच्या वायरींचे एकत्र वेढे घाला. एकीचं सुरुवातीचं टोक आणि दुसरीचं शेवटचं टोक जोडून सेलच्या प्लसला द्या. उरलेलं एक टोक एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून बीसी ५४७ च्या बेसला, दुसरं त्याच्या कलेक्टरला. एलईडी कलेक्टर आणि एमिटरच्या मधे, एमिटर सेलच्या मायनसला. ट्रान्झिस्टर चालू होतो, वेढ्यांतला करंट वाढत जातो, एका मर्यादेला पोचला की ट्रान्झिस्टर झटकन बंद होतो. वेढ्यांतल्या करंटला मात्र लगेच थांबता येत नाही. उतारावरून सुटलेल्या सायकलचा पुढचा ब्रेक दाबला की स्वार पुढे फेकला जातो, तसं तिथलं व्होल्टेज उसळतं आणि एलईडीतून वाट काढतं. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं, डोळ्याला उजेड सलग दिसतो. एखादं टोक उलटं जोडलं गेलं तर काहीच होत नाही. टोकांची अदलाबदल करा, लागेल. टाकाऊ म्हणून डब्यात गेलेले सेल त्यानंतर कित्येक तास मंद उजेड देत राहतात. लहान मुलांचा यावर विश्वास बसत नाही, आणि मग ती घरातले सगळे जुने सेल गोळा करून आणतात.

आता तो बंद पडलेला नऊ वॅटचा बल्ब. हे काम मोठ्या माणसाने करावं, आणि बल्ब होल्डरमधून काढून थोडा वेळ ठेवल्यावरच करावं, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भार साठलेला असू शकतो. वरची पांढरी टोपी कडेने सैल करून काढा. ॲल्युमिनियमच्या गोल पट्टीवर एलईडी वर्तुळात बसलेले दिसतील. बहुतेक वेळा त्यांतल्या एकाच्या पिवळ्या चौकोनावर बारीक काळा ठिपका असतो. तोच गेलेला. सगळे एका साखळीत आहेत, म्हणून एक गेल्यावर सगळे विझले. मीटरने तपासून पाहाल तर चांगले एलईडीही लागणार नाहीत, कारण प्रत्येकाच्या पोटात दोन-तीन किंवा अधिक चिप एकामागे एक असतात आणि त्यांना मीटरचे तीन व्होल्ट पुरत नाहीत.

दुरुस्तीवाले त्या काळ्या ठिपक्याच्या एलईडीची दोन टोकं सोल्डरने जोडून टाकतात आणि बल्ब लागतो. आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारं सर्किट, व्होल्टेज न ठरवता करंट ठरवतो, म्हणून उरलेल्यांवर लगेच जास्त भार येत नाही. एकापुरतं हे चालतं. दोन-तीन असे जोडले की ड्रायव्हरवर ताण येतो, तो तापतो, आणि दुरुस्ती टिकत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या मेलेल्या बल्बमधला, तितक्याच व्होल्टचा चांगला एलईडी काढून त्या जागी बसवावा, ही पद्धत मी पुस्तकात सविस्तर दिली आहे. एक ताकीद: स्वस्त बल्बच्या ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे वरच्या पट्टीवरचे जोड थेट घरच्या विजेला जोडलेले असतात. टोपी न बसवता बल्ब कधीही लावून पाहू नका.

बल्ब जातात ते बहुधा उष्णतेने. एलईडी समोरच्या हवेत उष्णता फेकत नाही म्हणून तो गार वाटतो, पण घेतलेल्या विजेतली अर्ध्याहून अधिक त्याच्या मुळाशी उष्णताच होते, आणि ती ॲल्युमिनियममधून बाहेर जायला हवी. सगळीकडून बंद काचेच्या हंडीत लावलेला बल्ब म्हणूनच लवकर जातो. नवीन बसवताना एवढं पाहिलं तरी पुढची खरेदी लांबते.

हाताने करून शिकण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि तिचं ऋण मान्य करायला हवं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न टिकलेल्या मुलांनाही काम करता करता विज्ञान येतं, हे तिथे वर्षानुवर्षं दिसलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये या गावात उभी राहिली. आयआयटी मुंबईच्या ‘सोल’ प्रकल्पाने सौर अभ्यासदिवे गावातल्याच लोकांकडून जोडून घेतले आणि दुरुस्तीची सोयही तिथेच ठेवली. दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत पोचण्याचं उद्दिष्ट त्याने पुरं केलं. बंद पडलेला दिवा कुठे न्यायचा हे माहीत असणं आणि तो उघडणारी माणसं जवळ असणं, ही त्या प्रकल्पातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

पुढच्या पानांवरचे आकडे मी मोजून लिहिले आहेत, तरीही तुमच्याकडे ते थोडे वेगळे येतील. सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे असतो, नवी नऊ व्होल्टची बॅटरी साडेनऊ दाखवते आणि जुनी आठ, आणि एकाच पुडीतल्या दोन लाल एलईडींचं व्होल्टेजही अगदी सारखं नसतं. प्रत्येक सर्किटशेजारी कोरा रकाना सोडला आहे. त्यात तुमचा करंट लिहा.